योग्य शब्दांत

आपल्या भाषेत कप कोणी फोडत नाही, तो फुटतो. दूध उतू जातं, किल्ली हरवते, भाजी करपते, आणि हे सगळं होत असताना घरातली माणसं जणू काही शेजारी गप्पा मारायला गेलेली असतात. ही खुबी लहान पोरालाही शिकवावी लागत नाही. आमच्या वकीलबाईंनी मात्र या खुबीवर अख्खी वकिली उभी केली होती.

त्यांचं काम विम्याच्या भांडणांचं, आणि त्यातही पुनर्विम्याच्या. पुनर्विमा म्हणजे विमा कंपनीने स्वतःसाठी उतरवलेला विमा. कोणी विचारलंच तर बाई एक दाखला द्यायच्या. "विमा घेणारा म्हणजे सून. विमा कंपनी ही तिची सासू. आणि दूरच्या शहरात बसून सगळ्या घराच्या नाड्या हातात ठेवणारी पुनर्विमा कंपनी, ती आजेसासू. मी आजेसासूची वकील." ऐकणारा हसायचा आणि पुढचं काही विचारायचा नाही, ही दाखल्यातली खरी सोय. कोर्टातले लोक त्यांना पाठीमागे 'पोटकलमबाई' म्हणत आणि समोर आल्या की खुर्ची सोडून उठत.

त्यांचं नाव झालं ते एका गोदामाच्या आगीवरून. संध्याकाळी आग लागली, शांत झाली, आणि पहाटे पुन्हा भडकली. आग एक की दोन, असा वाद. करार असा, की प्रत्येक आगीत ठराविक रकमेपर्यंतचा पहिला भार सासूचा, त्याच्या वरचा आजेसासूचा. एक धरली तर आजेसासूच्या खिशाला मोठी कात्री. दोन धरल्या तर सासूलाच पहिला भार दोनदा उचलावा लागणार. समोरचे वकील राखेचं सगळं रसायनशास्त्र घेऊन आले होते. बाईंनी अग्निशामक दलाच्या जवानाला एकच प्रश्न विचारला, "आग विझली, की तुम्ही विझवली?" तो बिचारा छाती पुढे काढून म्हणाला, "आम्ही विझवली, मॅडम!" संपला विषय. विझवली म्हणजे ती तिथेच संपली, आणि पहाटेची आग दुसरी. समोरच्या वकिलांची राख त्यांच्याच हातात राहिली.

तेव्हापासून बाईंचा एक नियम होता. समोरच्याच्या वाक्यात कर्ता शोधायचा आणि आपल्या वाक्यात तो शिरू द्यायचा नाही. 'चूक केली' असं लिहायचं नाही, 'चूक झाली' असंही शक्यतो नाही. 'त्रुटी आढळली' म्हणायचं. हाताखालचे वकील आपले मसुदे घेऊन यायचे तेव्हा बाईंची पेन्सिल माणसं खोडत जायची. शेवटी कागदावर नुसत्या घटना उरायच्या, आपापल्या घडलेल्या.

त्यांचा नवरा दातांचा डॉक्टर. त्याच्या धंद्यात ही चैन नव्हती. चुकीचा दात उपटला तर तो 'उपटला गेला' असं म्हणून कोण ऐकून घेतो? एकदा बाईंच्या हातून गाडी फाटकाला घासली. घरात येऊन त्या म्हणाल्या, "अरे, गाडीला ओरखडा आलाय." डॉक्टरने चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "तू घरी होतीस का तेव्हा?" दोघंही खूप हसले. बाईंना तो विनोद आवडला, लागला मात्र नाही.

मग लिफ्टचं प्रकरण आलं.

प्रकरण म्हणून तसं किरकोळ. एका जुन्या इमारतीत वयस्कर जोडपं राहायचं. दवाखान्याची वेळ गाठायची होती. लिफ्ट आली, दार उघडलं, काका आत शिरले आणि "चल, चल" म्हणत त्यांनी काकूंचा हात धरून ओढलं. काकूंचा एक पाय आत, एक बाहेर, आणि दार उघडं असतानाच लिफ्ट खाली घसरली. पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीचा मालक, त्याला सगळे 'लिफ्टवाले' म्हणत, विमा कंपनीच्या अधिकाऱ्याबरोबर बाईंच्या ऑफिसात आला तेव्हा खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. हात काळे पडलेले, नखांत वंगण. मालक झाला तरी माणूस अजून स्वतः यंत्राच्या खोलीत शिरत होता. टेबलावर तज्ज्ञाचा अहवाल होता, फक्त वकिलांनी आणि कंपन्यांनी वाचायचा. त्यात स्वच्छ म्हटलं होतं: ब्रेकचं अस्तर झिजलेलं होतं, ते बदलायची वेळ टळून गेली होती, आणि काकांपाठोपाठ दुसऱ्या माणसाचं वजन पडताच लिफ्ट घसरणारच होती. पाय सावकाश टाकला की घाईने, याचा काही संबंध नव्हता.

"बाकीच्या सगळ्या लिफ्टचे ब्रेक मी त्याच आठवड्यात बदलले," लिफ्टवाले म्हणाले. "पण बाई, मला त्या घरी एकदा जाऊन सांगायचंय."

"काय सांगायचंय?"

"हेच. की ब्रेक आम्ही बदलला नाही."

विमा कंपनीचा अधिकारी खाकरला. "ते कलम मी समजावलंय यांना. आमच्या लेखी संमतीशिवाय कबुली द्यायची नाही. दिली तर विमा गेला. आणि आम्ही तुमच्या पक्षकारांच्या संमतीशिवाय संमती द्यायची नाही." म्हणजे सुनेने सासूला विचारायचं आणि सासूने आजेसासूला.

"कलम बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही भावनेच्या भरात बोलून बसलात आणि विमा हातचा गेला, तर तुमची कंपनी महिनाभर तरी उभी राहील का? तुमच्याकडे कामाला असलेल्या माणसांनी मग काय करायचं?"

"मला ते कळत नाही असं नाही." लिफ्टवाले हात चोळत राहिले. "पण तुम्ही त्या काकांना बघितलेलं नाही. मी हॉस्पिटलात फळं घेऊन गेलो होतो. काकू ठीक आहेत हो. बाई खमकी आहे. कुबड्यांनाही शिव्या देते. पण काका... ते कोणाशी बोलत नाहीत. ताटावर बसतात आणि उठतात. भेटायला येईल त्याला एकच सांगतात, 'मीच ओढलं हिला.' शेजारीपाजारीही म्हणायला लागलेत, म्हातारपणी घाई नको करायला. मुलगी आली, तीही बोलून गेली, 'बाबा, तुम्हाला नेहमीचीच घाई.' काकूंनी मला दाराबाहेर बोलावलं. म्हणाल्या, 'पैशांचं तुमचे वकील आणि आमचे वकील बघत बसू देत. यांना तेवढं कोणीतरी सांगा, की घाई केली म्हणून पाय गेला नाही. माझं ऐकत नाहीत. मी प्रेमाने म्हणते असं वाटतं त्यांना. पाय माझा गेला, पण जीव यांचा चाललाय.' आणि मी काय केलं माहितेय? मान हलवली आणि जिना उतरलो. कारण कलम."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. इतकी वर्षं त्यांना वाटत आलं होतं, की आपण गप्प राहिलो तर फार तर खरं काही बोललं जात नाही. खोटं कोणाच्या अंगाला चिकटत नाही. आता त्यांच्या ध्यानात येत होतं की दोष काही अधांतरी राहत नाही. इथल्या दारात जागा मिळाली नाही तर तो दुसरं दार ठोठावतो. हा विचार त्यांना आवडला नाही, पण तो जाईनाही.

"मी विचारून बघते," त्या म्हणाल्या.

आजेसासूकडच्या दावेप्रमुखाशी त्यांची जुनी ओळख. कितीतरी भांडणं दोघांनी खांद्याला खांदा लावून लढलेली. पडद्यावर त्याचा चेहरा आला तेव्हा बाईंनी नेहमीप्रमाणे आधी धोका सांगितला, मग त्यावरचा उतारा. दाव्याची रक्कम अजून ठरायची होती, तोंडातून गेलेला शब्द वाटाघाटीत महाग पडू शकत होता. पण कुटुंब दुखावलेलं राहिलं तर प्रकरण चिघळेल, थोडी माणुसकी दाखवलेली बरी. माणुसकी स्वस्त पडेल असं त्यांनी स्पष्ट म्हटलं नाही, पण तसं सुचवल्याशिवाय दावेप्रमुख ऐकणार नव्हता. त्याने थोडा विचार केला आणि संध्याकाळी संमती धाडली: 'योग्य शब्दांत सांत्वन करण्यास हरकत नाही. शब्दांची निवड आमच्या वकिलांनी करावी व त्यांनी समक्ष हजर राहावं.'

बाई मसुद्याला बसल्या. असं वाक्य घडवायचं की त्यात मायेचा ओलावा असेल आणि पुढे कोणत्याही कोर्टात कोणाला ते पिळून त्यातून थेंब काढता येणार नाही. जेवणं झाल्यावर त्यांनी डॉक्टरला वाचून दाखवलं. "लिफ्टच्या यंत्रणेत बिघाड होऊन जो दुर्दैवी अपघात झाला, त्याबद्दल आम्हाला मनापासून खेद वाटतो."

"छान आहे," डॉक्टर म्हणाला. "कोणाचं काय चुकलं?"

"कोणाचंच काही चुकलेलं नाही यात. तीच तर कारागिरी आहे."

"मग खेद कशाबद्दल?"

"झोप तू," बाई म्हणाल्या. कारागिरीवर त्या खरोखर खूश होत्या. यंत्रणेत बिघाड, एवढे दोन शब्द तरी त्यांनी आत घातले होते. म्हातारा शहाणा असेल तर ओळखेल. इतकं पुरे आहे, असं त्यांनी स्वतःला समजावलं, आणि हे समजावणं लवकर पटलं याचंच त्यांना थोडं नवल वाटलं.

भेट ठरली ती काकू जिथे चालायचे व्यायाम शिकत होत्या त्या केंद्रात. तळमजल्यावरची खोली, भिंतीला धरून चालायचे दांडे, कोपऱ्यात मोठाले रबरी चेंडू, आणि एका टेबलाभोवती मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. काकू चाकाच्या खुर्चीत होत्या, केस नीट विंचरलेले, नजर चौकस. काका त्यांच्या बाजूला, पण हातभर लांब. सदरा ढगळ झालेला, की माणूसच आत आटलेला, सांगता येत नव्हतं. ते कोणाकडे बघत नव्हते. विमा कंपनीचा अधिकारी वही उघडून टेबलाच्या टोकाला बसला.

"या कोण?" काकूंनी विचारलं.

"मी वकील आहे, काकू. पुनर्विमा कंपनीची."

"अगंबाई, आणखी एक वकील! आमचे वेगळे, लिफ्टवाल्यांचे वेगळे, तुम्ही तिसऱ्या. पाय एकच गेला हो माझा."

कोणाला हसावं की नाही ते कळेना. बाईंना मात्र ही बाई आवडली. त्यांनी लिफ्टवाल्यांना खुणावलं.

लिफ्टवाल्यांनी खिशातून कागद काढला. माणसाने वाक्य पाठ केलं होतं, तरी कागद हातात लागत होता. उभे राहून, शाळेतल्या पोरासारखं सावरून त्यांनी वाचलं. "लिफ्टच्या यंत्रणेत बिघाड होऊन जो दुर्दैवी अपघात झाला, त्याबद्दल आम्हाला मनापासून खेद वाटतो."

काकांनी मान वर केली. बाईंना वाटलं, पोचलं.

"हो ना," काका म्हणाले. "झाला खरा." आवाज वापरात नसल्यासारखा घोगरा होता. मग पुढे वाकून त्यांनी लिफ्टवाल्यांच्या कागद धरलेल्या हातावर आपला हात ठेवला. "तुम्ही नका हो मनाला लावून घेऊ. यंत्र आहे, बिघडायचंच. बिघडलेल्या यंत्रात हिला ओढलं कोणी? मी ओढलं. ही म्हणत होती, थांबा जरा, सावकाश जाऊ. तुम्ही कशाला वाईट वाटून घेता?"

काकूंनी डोळे मिटून घेतले.

बाई बघत राहिल्या. आपण घडवलेल्या वाक्यात कर्त्याची जागा रिकामी होती, आणि हा म्हातारा सरळ जाऊन त्या जागेवर बसला होता. बसून वर समोरच्याची समजूत काढत होता. आयुष्यभर त्यांनी अशा जागा रिकाम्या केल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी असाच जाऊन बसला असेल का? त्यांना लाज वाटली. अगदी साधी, कान तापवणारी लाज वाटली.

लिफ्टवाल्यांचे ओठ हलायला लागले होते. आता हा बोलणार, हे बाईंना स्पष्ट दिसलं. आणि हा बोलला की कलम लागू. संमती मिळाली होती ती बाईंनी निवडलेल्या शब्दांना. त्याने स्वतःच्या मनाने उच्चारलेला एक शब्दही संमतीबाहेरचा, आणि त्याचं सगळं बुडवायला पुरेसा. टेबलाच्या टोकाला वही उघडी होती.

"तुम्ही गप्प बसा," बाई त्याला म्हणाल्या. इतक्या जोरात, की दांड्याला धरून चालणारा एक पेशंटही थांबला.

लिफ्टवाले खाली बसले. काकूंनी डोळे उघडले आणि बाईंकडे बघितलं. शेवटी ही वकीलच, असं ती नजर म्हणत होती.

बाईंनी खुर्ची ओढून काकांसमोर घेतली. "काका, इकडे बघा. ते वाक्य मी लिहिलं होतं. ते चुकीचं लिहिलं मी. आता नीट सांगते. त्या लिफ्टचा ब्रेक झिजला होता. यांच्या कंपनीने तो वेळेवर बदलला नाही. बदलायला हवा होता, बदलला नाही. म्हणून लिफ्ट घसरली आणि म्हणून काकूंचा पाय गेला. चूक यांच्या कंपनीने केली. तुम्ही केली नाही."

"मॅडम!" अधिकारी अर्धवट उठला. "संमती सांत्वनाची आहे. योग्य शब्दांत, असं लिहिलंय."

"आणि शब्द मी निवडायचे, असंही लिहिलंय. निवडले. हे योग्य आहेत. तुमच्या वहीत लिहून घ्या, ही कबुली पुनर्विमा कंपनीच्या वकिलांनी दिली, यांनी नाही." दावेप्रमुखाला हा अर्थ पचेल का, हे त्यांना माहीत नव्हतं. बहुधा पचणार नव्हता. 'योग्य' या एका शब्दावर तो आता त्यांच्याशीच भांडेल, आणि त्याला तसं भांडायला शिकवलेलं त्यांनीच. इतक्या वर्षांचा पक्षकार हातचा जाईल. ते सगळं त्यांच्या मनात एका क्षणात येऊन गेलं आणि त्यांनी ते तिथेच राहू दिलं.

काका त्यांच्याकडे टक लावून बघत होते. "पण मी ओढलं हिला."

"ओढलंत."

"मी घाई केली."

"केलीत. घाई केलीत, आणि त्याने काहीही बिघडलं नाही. दुसऱ्या माणसाने आत पाय टाकला की लिफ्ट घसरणारच होती."

"मी ओढलं नसतं, ही आपल्या चालीने आत आली असती, तर?"

सध्या उपलब्ध असलेल्या माहितीनुसार. तज्ज्ञांच्या प्राथमिक मतानुसार. आमचे सर्व हक्क अबाधित राखून. सवयीने सगळे शब्द बाईंच्या जिभेवर रांगेत येऊन उभे राहिले. त्यांनी ते गिळले.

"तरीही गेला असता," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"नक्की. मी वकील आहे, काका. 'नक्की' हा शब्द मी आयुष्यात कोणाला दिलेला नाही. तुम्हाला देते."

तोंडातल्या तोंडात काका पुन्हा सगळं लावून बघत असावेत: दार, हात, 'चल चल', पाय. मग त्यांची हनुवटी हलायला लागली. त्यांनी मान वळवून काकूंकडे पाहिलं, आधी चेहऱ्याकडे, मग खाली, गुडघ्याच्या वर दुमडून पिन लावलेल्या कापडाकडे. तिथे त्यांची नजर थांबली, आणि घशातून असा आवाज आला की लिफ्टवाले उठून उभे राहिले. म्हातारा हातभराचं अंतर तोडून काकूंच्या मांडीवर कोसळला आणि हमसाहमशी रडू लागला.

"काकू, पाणी आणू?" लिफ्टवाल्यांनी घाबरून विचारलं. "डॉक्टरांना बोलवू का?"

"कोणाला नका बोलवू." काकूंचे स्वतःचे गाल ओले झाले होते, पण आवाज खणखणीत होता. "रडू द्या त्यांना. झाल्यापासून एकदाही रडलेले नाहीत. आपणच केलं म्हटल्यावर रडायचं कसल्या तोंडाने?"

त्यांनी नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि विस्कटलेले पांढरे केस बोटांनी सारखे करू लागल्या.

"रडा हो," त्या म्हणाल्या. "पाय गेलाय माझा. कोणीतरी रडायला नको का?"